काचेवरची माणसं : जुन्या ‘भुतांच्या’ फोटोंच्या प्रकल्पातल्या नोंदी

४ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं. ज्या जुन्या फोटोंत गेलेली माणसं दिसतात असं म्हटलं जातं, त्यांतले काही प्रकार त्या काळच्याच पद्धतीनं, काचेवर, स्वतःच्या हातानं करून बघायचे. कॉम्प्युटरवर दोन चित्रं एकमेकांवर चढवणं पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यातून मला हवं ते कळणार नाही. फोटो काढणाऱ्याच्या हातांना नेमकं काय करावं लागलं, त्याच्याकडे वेळ किती होता, शेजारी उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्यांनाही ते का सापडलं नाही, हे मला करून बघायचंय.

हे फोटो बनावट होते, हे एका वाक्यात सांगून होतं. पण त्या प्रत्येक फोटोत भुताशिवाय आणखी एक माणूस असतो. जिवंत, समोर बसलेला, पुष्कळदा काळ्या कपड्यांतला. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. माझी ओढ त्याच्याकडे आहे.

लाकडी कॅमेरा आणि पितळी लेन्स जागेवर आहे. काचा, कोलोडियन (काचेवर ओतायचं चिकट द्रावण), सिल्व्हर नायट्रेट, चित्र डेव्हलप करायला हिराकस, ते पक्कं करायला हायपो, सगळं जमलं. लेन्सची टोपी काढायला-लावायला आणि सेकंद मोजायला ताई येणार आहे. भूत व्हायला भाचा एका पायावर तयार आहे, सोळा वर्षांचा.

९ नोव्हेंबर

आज दिवसभर फक्त काचा घासल्या. खडूची बारीक पूड आणि स्पिरिट, कापसाच्या बोळ्यानं, आधी गोल गोल, मग उभं-आडवं. कडाही घासून बोथट करायच्या, नाहीतर कोलोडियनचा थर कडेपासून सुटतो. काचेवर वाफ सोडून बघितली की खरं काय ते समजतं. नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या काचेवर वाफेत बोटाचा ठसा, कापडाचा फराटा, सगळं वर येतं.

या कामाला एवढा वेळ देण्याचं कारण, पहिलं प्रसिद्ध ‘भूत’ याच पायरीपाशी येतं. विल्यम मम्लर हा बोस्टनमधला दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला फावल्या वेळात फोटो शिकत असताना त्यानं स्वतःचाच एक फोटो काढला, आणि त्यात शेजारी एका मुलीची आकृती आली. बारा वर्षांपूर्वी वारलेली ही आपली चुलतबहीण, असं नंतर त्याचं म्हणणं होतं. पण सुरुवातीला त्यालाही वाटलं होतं की काच नीट घासली गेली नसावी आणि आधीचा फोटो खालून उमटला असावा. तेव्हा काचा खरवडून पुन्हा वापरायचा रिवाजच होता. म्हणजे उत्तर त्याच्या हातात होतं. ते त्यानं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

१४ नोव्हेंबर

पाच प्लेटा, पाचही वाया. कोलोडियन काचेच्या मध्यावर ओतायचं, काच चारी कोपऱ्यांकडे हळूहळू कलवत थर पसरवायचा आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं बाटलीत परत घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. माझा थर दर वेळी एका बाजूला जाड झाला. इथर उडत असतं, त्यामुळे चुकलं तर सावरायला वेळच नाही. दारं-खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. तरी मनगटावर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब पडलाच. दोन तासांत तिथे तपकिरी डाग, संध्याकाळपर्यंत काळा. आठवडाभर जाणार नाही.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ही रीत १८५१ साली प्रसिद्ध केली. काच ओली असेपर्यंतच ती उजेड पकडते. कोलोडियन लावलेली काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून काढल्यापासून डेव्हलप होईपर्यंत सगळं मिळून दहाएक मिनिटं.

२१ नोव्हेंबर

पहिलं भूत! तेही कुणाला न फसवता केलेलं.

स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर, ज्यानं कॅलिडोस्कोप शोधला, त्यानं १८५६ साली स्टिरिओस्कोपवर (जोडफोटोंतून खोलीचा भास देणाऱ्या यंत्रावर) लिहिताना हा खेळ सुचवला होता. बसणाऱ्यांनी पूर्ण वेळ स्थिर बसायचं, भुतानं मात्र थोडाच वेळ उभं राहून झटकन चौकटीबाहेर जायचं. लंडनच्या एका कंपनीनं याच कल्पनेवर करमणुकीची स्टिरिओ-कार्डं काढून विकली. मम्लरच्या आधीची गोष्ट ही. म्हणजे काचेवर भूत कसं करतात हे छापून आलेलं होतं, लोकांच्या दिवाणखान्यात पोचलेलं होतं, आणि तरीही काही वर्षांतच लोक मम्लरच्या दारात उभे राहिले.

आम्ही लेन्सचं छिद्र लहान केलं आणि वीस सेकंदांचं एक्सपोजर ठेवलं, म्हणजे तेवढा वेळ काचेवर उजेड पडू दिला. मी खुर्चीत. भाचा मलमलीची चादर डोक्यावरून घेऊन मागे. ताईनं मोठ्यानं आकडे मोजले. सहाला तो सटकला, मी वीसपर्यंत बसून राहिले. प्लेट धुतली तर तो आहे, आणि त्याच्या पोटातून मागच्या कपाटाच्या कड्या दिसताहेत. पाय तर जवळजवळ नाहीतच.

दुसऱ्या प्लेटला गडद निळा शर्ट घालून बघितला, चादरीशिवाय. काहीच आलं नाही, नुसता चेहरा आणि दोन हात हवेत तरंगत. हे पुस्तकात वाचलं असतं तर डोक्यात एवढं ठसलं नसतं. प्लेटवर अंधार चढत नाही, फक्त उजेड चढतो. निळ्या कापडाचा आणखी थोडा फायदा व्हायला हवा होता, कारण कोलोडियनला निळा उजेडच दिसतो, पण इतक्या गडद कापडाकडून परत येणारा उजेडच तुटपुंजा. त्या काळातली बहुतेक भुतं पांढऱ्यात गुंडाळलेली असतात आणि मागे गडद पडदा असतो, त्याचं मूळ हे.

२२ नोव्हेंबर

काल सांगायचं राहिलं. भाचा चौकटीबाहेर गेला तरी मला पाठीमागे कुणीतरी असल्यासारखं वीस सेकंदांपर्यंत वाटत राहिलं. मान वळवता येत नाही, हलता येत नाही. यावर नंतर लिहीन.

३० नोव्हेंबर

मम्लरची पहिली शंका तपासली. जुन्या प्लेटांवरचा थर खरवडून, मुद्दाम नुसत्या पाण्यानं धुऊन, पुन्हा कोलोडियन ओतलं. सहापैकी पाचांवर नुसते डाग आणि ढग. सहाव्या प्लेटवर कोपऱ्यात एक कॉलर आणि अर्धी हनुवटी वर आली. माझीच, २१ तारखेची.

हा मार्ग भरवशाचा नाही. अपघातानं एखादं भूत होईल, रोज गिऱ्हाइकाला एक देता येणार नाही. पुढचा धंदा मम्लरनं यावर केलेला नसणार हे नक्की. पण ती कॉलर ट्रेमध्ये वर येताना मी दचकले होते, हेही लिहून ठेवते. लाल दिव्याखाली, अपेक्षा नसताना.

७ डिसेंबर

काल-परवा कॉम्बरमिअर ॲबी या वाड्यातल्या फोटोची तारीख होऊन गेली. ५ डिसेंबर १८९१, इंग्लंड. सिबेल कॉर्बेट या बाईंनी त्या घराच्या ग्रंथालयाचा फोटो काढला. खोली रिकामी होती, एक्सपोजर तासाभराचं. प्लेट धुतली तर डाव्या बाजूच्या उंच पाठीच्या खुर्चीत एका वयस्क माणसाचं डोकं, धड आणि हात पुसट दिसत होता. पाय नव्हते. घराचे मालक लॉर्ड कॉम्बरमिअर लंडनमध्ये घोडागाडीखाली सापडून वारले होते आणि त्याच सुमारास त्यांचं दफन होत होतं.

या फोटोबद्दल मला आदर आहे. इथे पैसा नाही, धंदा नाही. एका बाईनं मन लावून खोलीचा फोटो काढला आणि तिला जे मिळालं ते मिळालं.

ओली प्लेट तासभर टिकत नाही, म्हणून कोरडी जिलेटिन प्लेट घेतली. तोवर फोटोग्राफी त्यावरच आली होती. छिद्र अगदी बारीक, पडदे अर्धे ओढलेले, एक तास. मधेच मी येऊन खुर्चीत चार मिनिटं टेकले आणि उठून गेले. अगदी सहज, अवघडून नाही. डोकं थोडं हललं असेल. प्लेटवर खुर्चीच्या गडद पाठीवर एक डोकं आहे, कपाळ आणि गाल उजळ, नाक-डोळे नाहीत. हात आहे, कारण तो खुर्चीच्या हातावर स्थिर होता. पाय नाहीत. खाली उजेडच पोचत नव्हता, आणि बसल्या बसल्या मी ते हलवत असणार.

नाक-डोळे नसलेलं ते डोकं भाच्याला दाखवलं. “मावशी, हे आजोबा वाटतात कुणीतरी.” केस मागे बांधलेले, त्यामुळे प्लेटवर टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. मी बेचाळीस वर्षांची बाई आहे.

त्या वाड्यात नोकरचाकर होते. तासाभरात कुणी येऊन टेकलं का, याचं उत्तर आता मिळणार नाही. पण एवढं मी करून बघितलंय, की तसं झालं असतं तर प्लेट नेमकी अशीच दिसली असती.

१५ डिसेंबर

हात दुखावलाय, म्हणून आठवडाभर वाचन. दोन खटले.

पहिला मम्लरचा, न्यूयॉर्क, १८६९. एक शहर-अधिकारी खोट्या नावानं गिऱ्हाईक म्हणून गेला आणि मम्लरला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. सरकारपक्षानं भूत करण्याच्या एकाहून एक युक्त्या मांडल्या. सर्कस आणि तमाशांचा बादशहा पी. टी. बार्नम साक्षीला आला. अब्राहम बोगार्डस या फोटोग्राफरनं बार्नमच्या मागे दिवंगत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनचं भूत काढून दिलं होतं, खास दाखवण्यापुरतं. दुसऱ्या बाजूनं चार्ल्स लिव्हरमोर हा बँकर उभा राहिला आणि फोटोत आपली दिवंगत पत्नी आहे असं त्यानं सांगितलं. न्यायाधीश डाउलिंग यांना मनातून ही फसवणूकच वाटत होती, पण मम्लरनं नेमकं काय केलं ते सिद्ध झालं नाही म्हणून त्याला सोडावं लागलं. युक्त्या दहा सांगता आल्या, त्यातली त्याची कुठली ते एकालाही सांगता आलं नाही. मला हे आता हातानं समजतंय. प्लेट अंधारात जाते, होल्डरमध्ये बंद होते, पुन्हा अंधारात जाते. बघणाऱ्याचा डोळा तिच्यावर असतो असं त्याला वाटतं, खरं तर तो लाकडी होल्डर बघत असतो.

दुसरा खटला पॅरिसचा, १८७५, एदुआर ब्यूगे याचा. त्याच्यावरून रात्री झोप लागली नाही. पोलिसांनी स्टुडिओतच धरलं, आणि त्यानं सगळं कबूल केलं. कपड्यात गुंडाळलेली बाहुली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली फोटोतली मुंडकी, एकाच प्लेटवर दोन एक्सपोजर. आलेल्या माणसाशी गप्पा मारून आधी माहिती काढायची आणि साधारण जुळणारं मुंडकं बसवायचं. पेटीतली मुंडकी कोर्टात काढून दाखवली. एकच मुंडकं कुणाची आई, कुणाची बहीण आणि कुणाची मैत्रीण होऊन गेलं होतं.

आणि साक्षीदार ऐकेनात! चित्रं विकणारा एक गृहस्थ म्हणाला, ही माझी बायकोच आहे, नातेवाइकानं बघताक्षणी ओळखली, मुलं ओरडली की ही आई. न्यायाधीशांनी ब्यूगेला विचारलं, तो म्हणाला निव्वळ योगायोग, माझ्याकडे त्या बाईंचा फोटो नव्हता. गृहस्थ जागचा हलला नाही. ब्यूगेला एक वर्षाची कैद आणि पाचशे फ्रँक दंड झाला.

हा प्रसंग सांगताना लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या मुलांना बाहुलीच्या अंगावर आई दिसली होती आणि ती दिसल्यावर ती ओरडली होती. नंतर कोर्टात पेटी उघडली म्हणून ते ओरडणं मागे घेता येतं का?

२० डिसेंबर

बसणाऱ्याच्या जागी बसायचा दिवस. आधी दुसऱ्या एका गैरसमजाबद्दल. जुन्या फोटोंत माणसांच्या पायांमागे लोखंडी स्टँडचे पाय दिसतात. त्यावरून हा मृतदेह स्टँडला उभा केलाय असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. गेलेल्या माणसांचे फोटो तेव्हा काढत, हे खरं, पण ते निजलेले, मांडीवर घेतलेले असत. तो स्टँड जिवंतांसाठी होता, डोकं हलू नये म्हणून. प्रेत उभं धरण्याएवढी ताकद त्यात नसते.

तसाच एक मी जोडून घेतलाय. लोखंडी दांड्याच्या टोकाला अर्धगोल चिमटा, डोक्याच्या मागे टेकवायचा. बारा सेकंद बसले. चिमटा गार होता आणि कवटीला दोन बाजूंनी लागत होता. लहानपणी केस विंचरताना मागून डोकं धरतात ना, तसा. लेन्सकडे बघत राहायचं, पापणी लवली तर चालतं, मान हलवायची नाही. आणि ताईनं मला चौकटीच्या मध्यावर न बसवता जरा खाली आणि एका बाजूला बसवलं होतं, कारण पुढच्या आठवड्याच्या प्लेटला खांद्यामागे जागा ठेवायची होती.

तेव्हा लक्षात आलं. मम्लरच्या पुष्कळ फोटोंत माणूस असाच बसलेला आहे आणि डोक्यावर, खांद्यामागे मोकळी जागा आहे. नेहमीच्या पोर्ट्रेटमध्ये एवढी जागा सोडली तर फोटोग्राफरला चूक म्हणतील. म्हणजे बसणारा माणूस येऊन, पैसे देऊन, त्या मोकळ्या जागेशेजारी जाणूनबुजून बसला. डोक्यामागे कुणाचा तरी गार स्पर्श, हलायचं नाही, मागे बघायचं नाही, आणि मनात एकच नाव.

आज भाचा नव्हता. खोलीत मी आणि ताई. तरी बारा सेकंद फार मोठे वाटले.

२८ डिसेंबर

मुख्य प्लेट. एकाच काचेवर दोन एक्सपोजर, ब्यूगेसारखी. फक्त मुंडकं पुठ्ठ्याचं नाही, भाच्याचं.

क्रम असा. काळ्या पडद्यापुढे भाचा, मलमल डोक्यावरून आणि खांद्यांवरून घेतलेली, चेहरा उघडा. कॅमेऱ्याच्या मागच्या धूसर काचेवर बघून फोकस मुद्दाम थोडा हलवला. तीन सेकंद. होल्डर बंद. पडदा तसाच, भाचा बाहेर, मी खुर्चीत, चिमट्यात डोकं. फोकस पुन्हा माझ्यावर. आठ सेकंद. टोपी दोन्ही वेळा ताईनंच काढली आणि तिनंच मोजलं.

डेव्हलप करून प्लेट हायपोच्या ट्रेमध्ये सोडली आणि दोघांना आत बोलावलं, कारण इथून पुढे उजेड चालतो आणि बघण्यासारखं हेच असतं. आधी सगळी काच निळसर दुधाळ असते आणि चित्र उलटं, निगेटिव्ह. मग एका कडेनं तो दुधाळपणा विरघळत जातो आणि त्याच्या मागून चित्र सुलटं होत येतं. माझा हात आला, खुर्ची आली, माझा चेहरा आला. मग वरचा कोपरा साफ झाला.

ताई म्हणाली, “अगं, हे तर...” आणि थांबली.

तिला पुढे काही बोलावं लागलं नाही. मला दिसत होतं. मलमलीत भाचा नव्हता. भाऊजी होते. चार वर्षांपूर्वी गेले ते, शेवटच्या वर्षी होते तसे नाही, त्याच्या बरेच आधीचे, गाल भरलेले, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी सांगायचं असल्यासारखे.

भाचा प्लेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, मी असा दिसतो?”

पुढचं काम केलं. पाण्यात धुतली, उभी करून ठेवली.

२९ डिसेंबर

कारण लिहून ठेवते, मला त्याची गरज आहे.

कोलोडियनला निळा आणि त्यापलीकडचा अदृश्य उजेड दिसतो. लाल-पिवळा जवळजवळ दिसत नाही. माणसाच्या कातडीत लाल-पिवळंच जास्त. त्यामुळे ओल्या प्लेटवर कातडी गडद आणि राठ येते, उन्हाचे आणि मुरमांचे न दिसणारे डाग वर येतात, ओठ काळे पडतात, कोवळं मिसरूड दाट दिसतं. सोळा वर्षांचा मुलगा सहज पस्तिशीचा दिसतो. मलमलीनं त्याचे केस झाकले, कपडे झाकले, म्हणजे वय सांगणारं बाकीचंही गेलं. फोकस हलवल्यामुळे चेहऱ्याचे बारकावे गेले आणि ठेवण तेवढी राहिली. ठेवण वडिलांची आहे. ती पहिल्यापासूनच होती, आम्ही सगळे म्हणतोच.

हे सगळं खरं आहे. ताईला फोनवर सविस्तर सांगितलं, तिनं ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाली, “मला ती प्लेट देशील?”

४ जानेवारी

प्लेट बदलण्याची रीत. ही करून बघायला पाच मिनिटं लागली आणि मनाला लागली नाही, म्हणून थोडक्यात.

विल्यम होप, इंग्लंडमधल्या क्रू गावचा सुतार, १९०५पासून असे फोटो काढत होता. २४ फेब्रुवारी १९२२ रोजी अशा दाव्यांची तपासणी करणारा हॅरी प्राइस त्याच्यासमोर बसला. प्राइसनं आणलेल्या प्लेटांवर त्या बनवणाऱ्या कंपनीनं आधीच एक्स-रेनं सिंहाचं चिन्ह उमटवून ठेवलं होतं, जे डेव्हलप केल्यावरच दिसणार होतं. होपनं होल्डर क्षणभर कोटाच्या आतल्या खिशाकडे नेला, असं प्राइसनं नोंदवलं. डेव्हलप झालेल्या प्लेटवर एक बाई आली, सिंह आला नाही. तरी शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल होपची बाजू घेत राहिला, आणि १९३३ साली होप मरेपर्यंत त्याच्याकडे माणसं जात राहिली.

कोटाच्या खिशातून मी भाच्यासमोर तीनदा होल्डर बदलला. तिसऱ्यांदा त्याला कळलं.

एडा डीन या बाईंचं प्रकरण मात्र मन दुखवून गेलं. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी लंडनच्या सेनोटाफ या स्मारकापाशी लोक दोन मिनिटं स्तब्ध उभे राहत, त्या गर्दीवर त्यांनी चेहऱ्यांचा ढग दाखवला. १९२४च्या फोटोतले चेहरे ‘डेली स्केच’नं शोधून काढले. जिवंत फुटबॉलपटू आणि मुष्टियोद्धे निघाले. ज्यांच्या मुलांना रणावरून परत आणलंच नाही, ज्यांना कबरही बघायला मिळाली नाही, त्या आयांच्या समोर हे ठेवलं गेलं. ब्यूगेच्या साक्षीदारांबद्दल मी वर जे लिहिलंय त्यावर ठाम आहे, पण म्हणून हे काम करणाऱ्यांना माफी नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

११ जानेवारी

राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या बायकोचा, मेरी लिंकनचा फोटो मोठा करून समोर ठेवलाय. १८७२च्या सुमाराचा, मम्लरनं काढलेला. नवऱ्याला १८६५ साली शेजारी बसलेला असताना गोळी घातली. एक मुलगा त्याआधी १८६२ साली गेला होता, आणि आणखी एक १८७१ साली. मम्लरनं पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार ती दुसरंच नाव सांगून आली होती, चेहऱ्यावर काळी जाळी घेऊन.

लिंकनचा चेहरा मिळवणं मम्लरला जड नव्हतं, तो तर घरोघरी होता. मागची आकृती कशी केली असेल याचे तीन मार्ग मी आता सांगू शकते, २८ तारखेचा त्यातलाच एक. आकृतीचे हात तिच्या खांद्यांवर आहेत.

आज मी पहिल्यांदा फक्त खालचा अर्धा भाग बघितला, वरचा कागदानं झाकून. काळा झगा, एकमेकांत घेतलेले हात, भरलेला, थकलेला चेहरा. ती मागे बघत नाहीये, बघूही शकत नाही. काढताना तिथे काहीच नव्हतं आणि तिला ते ठाऊक असणारच, कारण खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं. जे येणार होतं ते काचेवर येणार होतं, नंतर. तेवढ्यासाठी ती स्थिर बसलीय, तोंडावरची एक रेघ न हलवता. भूत पुसट आहे, ती मात्र लख्ख फोकसमध्ये आहे.

१८ जानेवारी

प्लेटांची यादी आणि पेट्या. ठेवण्यासारख्या एकूण नऊ. प्रत्येकीच्या कडेला, व्हार्निश लावण्याआधी, सुईनं कोरायचं ठरवलंय: तारीख, एक्सपोजर किती, कोण किती सेकंद उभं होतं. कागदी चिठ्ठी गळून पडते. शंभर वर्षांनी कुणाच्या माळ्यावर ही पेटी सापडली तर त्या माणसाला कसं केलं ते समजायला हवं.

२८ तारखेची प्लेट शेवटी घेतली. ताई शेजारी बसली होती. तिला विचारलं, हिच्यावरही लिहू का, की नको. मागच्या बाजूला चिठ्ठी लावली तरी चालेल, म्हणजे समोरून दिसणार नाही.

ती म्हणाली, “लिही की. आणि त्याचं नावही घाल.”

“कुणाचं?”

“पोराचं. तोच उभा होता ना तीन सेकंद.”

कोरलं. तारीख, दोन एक्सपोजर, तीन आणि आठ, त्याचं नाव, माझं नाव, मोजणारी म्हणून ताईचंही. तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी कोलोडियनचा छोटा पापुद्रा निघाला, पण अक्षर वाचता येतं. मग काच मंद ज्योतीवर कोमट करून व्हार्निश ओतलं. चंद्रस आणि लॅव्हेंडरचं तेल, खोलीभर वास पसरलाय. रात्रभर वाळू द्यायला हवं. उद्या दुपारी ताई न्यायला येईल.